ताप नसलेला ज्वर : वृद्ध आत्ययिक रुग्णातील रक्तगत जंतुसंसर्ग आणि रक्तसूचकांचे वाचन

रक्तप्रवाहात जिवाणू शिरणे ही एक घटना आहे. त्या संसर्गाला शरीर जो अनियंत्रित प्रतिसाद देते त्यामुळे वृक्क, यकृत, फुप्फुस, मेंदू इत्यादी अवयवांचे कार्य ढासळू लागणे ही दुसरी घटना होय. पहिलीस आपण रक्तगत जंतुसंसर्ग म्हणू. दुसरीस आधुनिक वैद्यकात सेप्सिस ही संज्ञा आहे, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत अवयवांच्या बिघाडालाच मध्यवर्ती स्थान दिले आहे. या दोन्ही अवस्था एकमेकींवाचूनही असू शकतात. तथापि सत्तरी ओलांडलेल्या रुग्णात एकीतून दुसरीत जाण्यास काही तासही पुरतात, म्हणून प्रस्तुत लेखात त्यांचा विचार एकत्र केला आहे.

हा विषय आपल्या त्रैमासिकात घेण्याचे कारण उघड आहे. मीरा-भाईंदर महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. नव्या वसाहतींत नोकरीनिमित्त राहावयास आलेली कुटुंबे आता स्थिरावली असून त्यांच्या घरातील आई-वडील वार्धक्यात आले आहेत. अशा घरातून पहिला दूरध्वनी जातो तो बहुधा इमारतीखालच्या दवाखान्यातील वैद्यांना, किंवा त्याही आधी कोपऱ्यावरच्या औषधालयाला. नेहमीचे बोलणे असे असते : ‘‘डॉक्टर, आजी दोन दिवस नीट जेवत नाहीत, आज सकाळपासून काहीतरी भलतेच बोलतायत. ताप मात्र अजिबात नाही.’’ या शेवटच्या वाक्याने नातेवाईक निर्धास्त होतात. वैद्यांनी होऊ नये, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

शास्त्राकडे पाहता ही गोष्ट आपणांस नवीन वाटण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ज्वराध्यायात ज्वराचे अंतर्वेग व बहिर्वेग असे दोन भेद सांगितले आहेत. बहिर्वेगात त्वचेचा संताप अधिक, तृष्णादी लक्षणे मृदू, आणि तो सुखसाध्य. अंतर्वेगात मात्र आतील दाह, तृष्णा, प्रलाप, श्वास, भ्रम, संधी व अस्थींत शूल, स्वेद न येणे आणि मलावरोध ही लक्षणे वर्णिली आहेत. म्हणजे अंगाला हात लावून कळणारी उष्णता हे ज्वराच्या गांभीर्याचे माप नव्हे, हे आपल्या आचार्यांनी निरीक्षणाने जाणले होते. ‘अंतर्वेग म्हणजेच रक्तातील जिवाणू’ असे समीकरण मांडणे मात्र अशास्त्रीय ठरेल. सभासंमेलनांत अशी समीकरणे फार लवकर मांडली जातात आणि त्याने दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो. येथे आपणांस घ्यावयाचा आहे तो केवळ पाहण्याचा दृष्टिकोन : प्रलाप आणि श्वास यांना तापमापकापेक्षा अधिक वजन देणे. विमानस्थानात साठ वर्षांनंतरचे वय जीर्ण म्हटले आहे व त्यात धातू, बल व इंद्रिये क्षीण होत जातात असे सांगितले आहे. ज्याचे बल क्षीण, त्याची प्रतिक्रियाही क्षीण, हे ओघानेच आले.

आधुनिक निरीक्षणेही याच दिशेने जातात. गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत ताप येत नाही किंवा अगदी किरकोळ येतो. वृद्धाचे मूळ तापमानच कमी असते, आणि कृश स्नायूंमुळे थंडी वाजून उष्णता निर्माण होण्याची क्रियाही मंदावते. म्हणून शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांसाठी अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्ये तापाचे निकषच खाली आणले : तोंडातील तापमान एकदाही १०० अंश फॅरेनहाइटच्या वर गेले, किंवा पुनःपुन्हा ९९ च्या वर राहिले, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांनी वाढले, तर तो ताप समजावा. आपल्याकडे काखेत तापमापक लावण्याची पद्धत आहे, तेथे आकडा आणखी कमी दिसतो. शिवाय बहुतेक वृद्ध सांधेदुखीसाठी पॅरासिटामॉल घेतच असतात. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर नाडीही वाढत नाही. ताप नाही, नाडी ८०, आणि रुग्ण मात्र मृत्यूच्या वाटेवर, असा प्रकार संभवतो तो यामुळे.

अशा रुग्णात रक्ताची तपासणी मदतीला येते. पण कोणत्या तपासणीने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे नीट समजले पाहिजे.

प्रथम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित अहवाल घेऊ : साधा सीबीसी. आपण एकूण श्वेतपेशींचा आकडा पाहतो, तो ४,००० ते ११,००० च्या दरम्यान असला की कागद बाजूला ठेवतो. वृद्धाच्या अस्थिमज्जेची राखीव शक्ती कमी असल्याने एकूण पेशी वाढतीलच असे नाही. खरी माहिती त्याखालच्या ओळींत असते. समजा, एकूण पेशी ९,२००, न्यूट्रोफिल ९० टक्के, लिम्फोसाइट ६ टक्के, इओसिनोफिल शून्य. प्रयोगशाळेचा शेरा ‘एकूण संख्या प्राकृत’. आता ९० ला ६ ने भागा, उत्तर १५ येते. निरोगी माणसात हे गुणोत्तर साधारणतः १ ते ३ असते. तीव्र जिवाणूसंसर्गाच्या ताणात न्यूट्रोफिल रक्तात लोटले जातात, लिम्फोसाइट रक्तातून कमी होतात आणि इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे होतात. नेदरलँड्समधील डी यागर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आत्ययिक विभागातील ९२ रक्तगत संसर्गाच्या रुग्णांची तुलना तितक्याच संसर्ग-संशयित पण कल्चर नकारात्मक असलेल्या रुग्णांशी केली. हे गुणोत्तर व लिम्फोसाइटची घट हे दोन्ही सूचक एकूण श्वेतपेशी व सीआरपी यांपेक्षा सरस ठरले. गुणोत्तर १० च्या वर ही सीमा धरली असता संवेदनशीलता सुमारे ७७ टक्के आणि विशिष्टता ६३ टक्के आली.

या दोन आकड्यांचा अर्थ आपण व्यवहाराच्या भाषेत लावू. रक्तगत संसर्ग असलेल्या चारांपैकी जवळजवळ एक रुग्ण या चाळणीतून निसटतो, आणि संसर्ग नसलेल्या तिघांपैकी एकाहून अधिक रुग्ण तीत अडकतात. म्हणजे १५ आले तर घाई करावी. ६ आले म्हणून निश्चिंत होऊ नये. शिवाय हे गुणोत्तर स्टिरॉइडने वाढते, हृदयविकाराच्या झटक्याने वाढते, खुब्याचे हाड मोडल्यानेही वाढते. आपल्या परिसरात संधिवातावर ‘गुण येणाऱ्या’ अनामिक पुड्या घेणारे अनेक आहेत. त्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असेल तर न्यूट्रोफिल वाढलेले दिसतील, ताप दडेल आणि सीआरपीही दबेल. ज्या पुडीवर घटकांची यादी नाही ती आयुर्वेदाची नव्हे, एवढे आपण रुग्णांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

ईएसआरविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. तो वयाबरोबर वाढतो, पांडुरोगात वाढतो, आणि त्याची गती इतकी मंद असते की आत्ययिक प्रसंगी तो निरुपयोगी समजावा.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात ते आढळले. इंटरल्युकिन-६ च्या आदेशावरून यकृत ते तयार करते. उत्तेजना मिळाल्यावर सहा ते आठ तासांनी ते वाढू लागते, शिखर गाठण्यास सुमारे दोन दिवस लागतात, आणि उत्तेजना थांबल्यावर दर १९ तासांनी निम्मे होते. या वेळापत्रकातच त्याचे गुण व दोष सामावले आहेत. पहाटे थंडी वाजली आणि सकाळी आठला रक्त काढले, तर सीआरपी १२ आल्याने काहीही सिद्ध होत नाही. तोच सायंकाळी कित्येक पटींनी वाढलेला असू शकतो. यकृत जीर्ण असलेल्या रुग्णात तो बनतच कमी. उलट आमवात, हिरड्यांचा जुनाट शोथ किंवा मधुमेही पायाची जखम असलेल्या वृद्धात तो नेहमीच १५-२० असतो. त्यामुळे रुग्णाचा जुना, बरा असतानाचा अहवाल घरात असेल तर तो आधी मागवावा.

येथे एक क्षुल्लक वाटणारी पण अनर्थ करू शकणारी बाब सांगितली पाहिजे. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दोहोंत दहापटीचा फरक आहे. एका कागदावरचा ९ आणि दुसऱ्यावरचा ९० हे एकच असू शकतात. काही ठिकाणी अद्याप केवळ ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढेच लिहून येते. वृद्ध आत्ययिक रुग्णात त्या शब्दाला अर्थ नाही, आकडा मागावा.

प्रोकॅल्सिटोनिन हा तुलनेने नवा सूचक. कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे हे पूर्वरूप असून एरवी थायरॉइड ग्रंथीत बनते. जिवाणूसंसर्गात मात्र यकृतासह शरीरातील अनेक ऊती ते रक्तात सोडू लागतात, ही गोष्ट पॅरिसच्या आसिको व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. ते तीन-चार तासांतच वाढू लागते, म्हणजे सीआरपीच्या आधी, आणि साधारण एका दिवसात निम्मे होते. विषाणूसंसर्गात ते सहसा फारसे वाढत नाही. निरोगी माणसात ते ०.०५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असते, ०.५ च्या वर संशय वाढतो, २ च्या वर तो बळकट होतो. वृद्ध रुग्णांवरील अभ्यासांत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते : सीमा खाली आणली तर रक्तगत संसर्ग फारसे सुटत नाहीत, पण निष्कारण संशयितांची संख्या वाढते, सीमा वर नेली तर याच्या उलट. मर्मभेदी असा एकच आकडा कोणालाही सापडलेला नाही.

सापडेल अशी अपेक्षाही करू नये, कारण वृद्धाचे शरीर या सूचकाला दोन्ही बाजूंनी फसवते. वृक्कविकारात ते संसर्गाशिवाय वाढलेले असते, शस्त्रकर्म वा मोठा अपघात झाल्यावर वाढते, उष्माघातात वाढते. उलट गळू बंदिस्त असेल, हृदयाच्या झडपांवर मंद संसर्ग असेल, किंवा रक्त फार लवकर काढले असेल तर ते कमी राहते. या सर्वांचा विचार करूनच सेप्सिसविषयीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत असे सुचविले आहे की, प्रतिजैविक सुरू करावे की नाही हे ठरविण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिनचा आधार घेऊ नये. चिकित्सकाचे परीक्षण पुरेसे समजावे. तंत्रज्ञानाच्या या युगात तज्ज्ञांनी परीक्षणाला यंत्राच्या वर ठेवले, ही बाब आमच्या मते जितकी बोलली जावयास हवी तितकी बोलली जात नाही. ही तपासणी सीबीसीच्या कित्येक पट महाग आहे आणि अनेक छोट्या संकलन केंद्रांतून नमुना मुख्य प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येण्यास वेळ लागतो. ‘प्रोकॅल्सिटोनिन येऊ दे, मग हलवू’ हा विचार म्हणूनच घातक होय.

लॅक्टेट हा संसर्गाचा नव्हे तर ऊतींच्या उपासमारीचा सूचक आहे. २ मिलिमोलपेक्षा अधिक असल्यास काळजीचे, आणि ४ च्या वर असल्यास रक्तदाब ठीक दिसत असतानाही अत्यंत काळजीचे. (मिलिग्रॅममध्ये अहवाल असल्यास ९ ने भागावे.) पण हा नमुना नाजूक असतो. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड नळीत, दंड फार वेळ न आवळता, बर्फात ठेवून तातडीने तपासला पाहिजे. साध्या नळीत रक्तपेशी स्वतःच साखर जाळून लॅक्टेट तयार करीत राहतात. उत्तनहून भाईंदरला दुचाकीवरच्या डब्यातून पोहोचलेल्या नमुन्याचा आकडा रुग्णाचा की प्रवासाचा, हे सांगता येणार नाही. तेव्हा दवाखान्यातून लॅक्टेट पाठवू नये. ते रुग्णालयाच्या आत्ययिक विभागातच व्हावे. तेथेही मेटफॉर्मिन, यकृतविकार व दम्यासाठी दिलेले सालब्युटामॉल यांनी ते वाढते, म्हणून चालू औषधांची यादी सोबत गेली पाहिजे.

आपल्या भागात पावसाळा हा या सर्व गणितात आणखी एक गुंता घालतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक झाला होता, हे सर्वांच्या स्मरणात आहे. लेप्टोमध्ये न्यूट्रोफिल, सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन हे सर्व वाढतात, पण नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये तो जंतू वाढत नाही. फाल्सिपॅरम मलेरियातही प्रोकॅल्सिटोनिन चांगलेच वाढते. डेंग्यूत बहुधा श्वेतपेशी व प्लेटलेट घटतात. परंतु प्लेटलेटची घट रक्तगत जिवाणूसंसर्गातही होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८०,००० प्लेटलेट दिसताच ‘डेंग्यू आहे’ असे म्हणून पपईच्या पानांच्या रसावर वृद्धाला घरी ठेवण्याची प्रवृत्ती दिसते. घटलेल्या प्लेटलेटसोबत न्यूट्रोफिल ८८ टक्के असतील तर डेंग्यूचे निदान पुन्हा तपासावे. विडालच्या एका अहवालावर टायफॉइडचे निदान करण्याची जुनी सवयही आता सोडावी. पहिल्या आठवड्यात ती बहुधा नकारात्मक असते आणि नंतरची एकटी सकारात्मक विडाल फारसे काही सिद्ध करीत नाही.

वरील सर्व सूचक अप्रत्यक्ष आहेत. जंतू प्रत्यक्ष दाखविते ते ब्लड कल्चर. प्रौढात दोन वेगवेगळ्या जागांवरून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घ्यावे लागते. वाढ दिसण्यास बहुधा एक-दोन दिवस लागतात, म्हणून तातडीचा निर्णय त्यावर घेता येत नाही. पण तिसऱ्या दिवशी कोणते प्रतिजैविक चालू ठेवावे हे त्यावाचून कळत नाही. वृद्धांत मूळ बहुतेक वेळा मूत्रमार्गात असते व जंतू ई. कोलाय किंवा क्लेबसिएला असतो, आणि आपल्या देशात हे जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देईनासे झाले आहेत.

येथे औषधालयचालक बंधूंची भूमिका निर्णायक ठरते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका अभ्यासात सेप्सिसच्या ३२५ रुग्णांचे कल्चर प्रतिजैविकाआधी व नंतर असे दोनदा घेतले. आधीचे ३१.४ टक्के रुग्णांत सकारात्मक आले, नंतरचे १९.४ टक्के. मधले अंतर जेमतेम दोन तासांच्या आतले. तेथे शिरेतून दिलेल्या औषधाची ही गोष्ट आहे; तरीही ‘दोन गोळ्या देऊन बघू’ असे म्हणून काउंटरवरून सेफिक्झिम दिले, तर रोग बरा होण्याइतके औषध पोटात जात नाही आणि कल्चर मात्र मुके होण्याची शक्यता राहते. सेफिक्झिमसह तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स परिशिष्ट ‘एच-१’ मध्ये आहेत. १ मार्च २०१४ पासून त्यांच्यासाठी वैद्याचे व रुग्णाचे नाव, औषध व मात्रा यांची स्वतंत्र नोंदवही ठेवणे व ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. कायद्याचा भाग झालाच. पण ज्या आजीला गोंधळ व श्वास आहे तिच्यासाठी गोळी मागावयास आलेल्या मुलाला ‘आधी डॉक्टरांना दाखवा, आत्ताच’ असे सांगणे हे त्या नोंदवहीपेक्षा मोठे काम आहे.

दवाखान्यात प्रत्यक्ष करावयाचे ते थोडेच. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. २२ किंवा अधिक असल्यास गांभीर्याने घ्यावे. रक्तदाब १०० किंवा खाली असल्यास अर्थातच. पण ज्याचा नेहमीचा दाब १६० आहे त्याचा ११० हाही खालीच समजावा. नवा मतिभ्रम, अचानक पडणे, अन्नद्वेष, नव्याने सुटलेला मूत्रवेग, थंड पडलेले हातपाय यांची विचारणा करावी. ग्लुकोमीटरने साखर पाहावी, कारण साखर उतरल्यानेही प्रलाप होतो व तो जागच्या जागी सुधारता येतो. यांपैकी दोन गोष्टी जमल्या तर रक्त काढून अहवालाची वाट पाहत बसू नये. रक्त काढावयाचे असल्यास रुग्णवाहिका येईपर्यंत काढावे. अहवाल दूरध्वनीवर मागून पुढे कळविता येतो. त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला पहिल्या तासात, आणि केवळ संशय असलेल्यास तपासणी करून तीन तासांत प्रतिजैविक मिळावे. दहिसर चेकनाक्यावरील वाहतूक लक्षात घेता या तासांतील किती तास रस्त्यावरच जातील, याचा हिशेब आपणच करावयाचा आहे. त्यामुळे कांदिवली वा परळ गाठण्यापूर्वी भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पं. भीमसेन जोशी रुग्णालय किंवा जवळचे सुसज्ज खासगी रुग्णालय येथे कल्चर, पहिली मात्रा व शिरेतून द्रव मिळेल का, हे दूरध्वनी करून विचारावे. १०८ क्रमांकाची विनाशुल्क रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तीवर अनेकदा आपलेच बी.ए.एम.एस. सहकारी असतात; त्यांच्याशी सविस्तर बोलावे.

सोबतच्या चिठ्ठीत लक्षणे कोणत्या वेळी सुरू झाली, रक्त किती वाजता काढले, आधी कोणते प्रतिजैविक व किती मात्रा घेतल्या, जुना क्रिएटिनिन व सीआरपी किती होता, आणि आपल्याकडील कोणते कल्प चालू आहेत हे लिहावे. भस्मे व रसकल्प यांचा उल्लेख संकोचाने गाळू नये. वृक्क अडचणीत असताना समोरच्या चिकित्सकाला ही माहिती हवीच असते, आणि ते कल्प त्या दिवसापुरते थांबविणेच योग्य.

प्रोकॅल्सिटोनिनचा खरा उपयोग पुढे येतो, प्रतिजैविक थांबविताना. नेदरलँड्समधील २०१६ च्या मोठ्या अभ्यासात शिखरापासून ८० टक्के घट झाली किंवा आकडा ०.५ वा त्याहून खाली आला की औषध थांबविण्याचा सल्ला दिला गेला. औषधाचे दिवस कमी झाले आणि मृत्यू वाढले नाहीत. रुग्ण घरी परतल्यावर मात्र नातेवाईक दर चार दिवसांनी सीआरपी करण्याचा हट्ट धरतात. तो आकडा काही काळ १५-२० च्या आसपास रेंगाळतो व त्यावरून पुन्हा प्रतिजैविक सुरू होते. अशा वेळी भूक लागते का, रात्री झोप येते का, लघवी साफ होते का, आणि आजी नातवंडांना नावाने हाक मारतात का, हे विचारावे. या चारही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तर पेया-विलेपीच्या क्रमाने अग्नी सांभाळीत आहार वाढवावा, बृंहण व रसायनाची घाई करू नये, आणि पुढील सीआरपी महिन्याने करावा.